पाण्याने थंड होणाऱ्या जनित्रांची देखभाल : काही निरीक्षणे

२१० किंवा ५०० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक संचांत जनित्राचा स्टेटर, म्हणजे ज्याच्या वाइंडिंगमध्ये वीज निर्माण होते तो स्थिर भाग, बहुधा थेट पाण्याने थंड केला जातो. वाइंडिंगच्या पोकळ तांब्यातून हे पाणी फिरते आणि त्याच तांब्यावर हजारो व्होल्टचा दाब असतो. हे निभते, कारण पाण्यातील क्षार काढून टाकून त्याची विद्युतवाहकता अत्यल्प राखलेली असते. वाहकता वाढू लागली की तिची दखल तत्काळ घेतली जाते. तांब्याच्या गंजाकडे मात्र तितके लक्ष जात नाही, आणि देखभालीची खरी उणीव येथेच आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू अगदी कमी ठेवला किंवा भरपूर ठेवला, तर तांबे टिकते. मधल्या पातळीवर, प्रथमदर्शनी हे विचित्र वाटले तरी, ते सर्वाधिक झिजते आणि सुटलेले ऑक्साइड अरुंद पोकळ्यांत साचते.

प्रस्तुत लेखकाने काम केलेल्या एका केंद्रात एका बारच्या, म्हणजे वाइंडिंगमधील एका दांड्याच्या, टेफ्लॉन नळीतून बाहेर पडणारे पाणी शेजारच्या नळ्यांपेक्षा काही अंश अधिक गरम असल्याचे पाळीच्या नोंदींत दिसत होते. परंतु अलार्मची मर्यादा ओलांडली जात नसल्यामुळे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा संवेदक, बिघडला असावा असे मानले गेले. नियोजित शटडाऊनमध्ये प्रत्येक बारचा प्रवाह मोजल्यावर तोच बार अंशतः तुंबलेला आढळला.

वाइंडिंगच्या जोडांतील पाण्याची गळती याहून फसवी असते. जनित्राचे इतर भाग थंड ठेवण्यासाठी स्टेटरभोवती भरलेल्या हायड्रोजनचा दाब पाण्यापेक्षा जास्त ठेवलेला असल्याने चिरेतून आधी वायूच पाण्यात शिरतो, म्हणून पाण्याच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या वायूचे मोजमाप महत्त्वाचे ठरते; तरीही केशाकर्षणाने ओल इन्सुलेशनमध्ये, म्हणजे तांब्यावरील विद्युतरोधक आवरणात, झिरपू शकते. त्यामुळे शटडाऊनमध्ये वाइंडिंग पूर्ण कोरडे करून दाब आणि निर्वात या दोन्ही चाचण्या घ्याव्या लागतात. वेळ वाचवण्यासाठी त्यांपैकी एक वगळणे लेखकाला मान्य नाही. भू-दोष रिलेवर, म्हणजे वाइंडिंगमधून जमिनीकडे वीज वाहू लागल्याचे ओळखणाऱ्या संरक्षक उपकरणावर, विसंबणेही पुरेसे नाही, कारण तो संच बंद करतो तेव्हा इन्सुलेशन आधीच फुटलेले असते.

उपरोक्त बार रासायनिक द्रावणाने धुतल्यानंतर त्याचे तापमान इतरांच्या बरोबरीला आले, आणि केंद्राच्या नोंदपत्रकात प्रत्येक नळीचा सरासरीपासूनचा फरक लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना घालण्यात आला.