चिन्ह उलटतें तें कां?

बीजगणित शिकवितांना आम्हांस वर्षानुवर्षें एक गोष्ट दिसत आली आहे. समीकरणें निर्भयपणें सोडविणारीं मुलें असमानतेपाशीं येऊन अडखळतात. याचें मूळ, आमच्या मतें, एका शब्दांत आहे. ‘पद पलीकडे नेलें कीं चिन्ह बदलतें’ हें सूत्र त्यांस तोंडपाठ असतें. परंतु कोणतें चिन्ह, हें कोणी विचारीत नाहीं. पदामागील अधिक वा उणें हें एक चिन्ह. दोन बाजूंमधील ‘>’ किंवा ‘<’ हें दुसरें. हें दुसरें चिन्ह प्रथम इ. स. १६३१ मध्यें थॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांत छापलें गेलें. पद पलीकडे नेल्यानें पहिलें बदलतें, दुसरें जागचें हलत नाहीं. तें उलटतें, दोन्ही बाजूंस ऋण संख्येनें गुणिलें वा भागिलें असतां.

असें कां, तें आपली भाषाच सांगते. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें धन व ऋण संख्यांचे नियम दिले. आणि ऋण म्हणजे कर्ज. पांच रुपये जवळ असणारा तीन रुपये असणाऱ्याहून श्रीमंत. परंतु ज्याच्या डोक्यावर पांच रुपये कर्ज, तो तीन रुपये कर्ज असणाऱ्याहून गरीब. म्हणून ५ > ३, पण −५ < −३.

एक उदाहरण घेऊं. वसमतहून हिंगोलीस शिकावयास आलेल्या एखाद्या मुलाजवळ ५०० रुपये आहेत. वरखर्चास रोज ४० रुपये लागतात आणि १०० रुपये तरी शिल्लक राखावयाचे आहेत. किती दिवस निभेल? दिवस क्ष मानिल्यास ५०० − ४०क्ष ≥ १००. म्हणून −४०क्ष ≥ −४००. आतां −४० नें भागून चिन्ह उलटविलें कीं क्ष ≤ १०. चिन्ह तसेंच ठेविलें तर क्ष ≥ १० येईल. म्हणजे जितके अधिक दिवस खर्च करावा, तितकी शिल्लक अधिक! असा हिशेब कोणत्या घरांत जमला आहे?

नियमावर विश्वास बसत नसेल, तर दोन्ही पदें पलीकडे न्यावीं : ४०० ≥ ४०क्ष, म्हणजे १० ≥ क्ष. येथें कांहींच उलटविलें नाहीं, तरी उत्तर तेंच. मात्र अज्ञात क्ष नेंच गुणावयाचें असेल, तर तो धन कीं ऋण हें ठरविल्यावांचून पाऊल पुढें टाकूं नये.

पालकांस एवढीच विनंती, कीं मुलास केवळ उत्तर विचारूं नये. क्ष च्या जागीं ११ घालून काय उरतें, तें विचारावें. ६० रुपये उरतात, हें त्यानें स्वतः पाहिलें, म्हणजे नियम पाठ करण्याचें कारण राहत नाहीं.