अननसाच्या पानाचं कापड

फिलिपिन्समधल्या कालिबोच्या विमानतळावर उतरणारे बहुतेक पर्यटक बाहेर येताच बोराकायची गाडी पकडतात. दोनेक तासांचा रस्ता, मग छोटीशी होडी आणि समोर पांढऱ्या वाळूचा किनारा! पण ज्या प्रांतातून ते इतक्या घाईने जातात, त्या अकलानची खरी ओळख किनाऱ्यावर नाही. ती कालिबोच्या आसपासच्या गावांत, घराच्या ओसरीवर चालणाऱ्या कामात आहे. तिथे अननसाच्या पानांपासून कापड विणतात. त्याचं नाव ‘पिन्या’. स्पॅनिशमध्ये अननसाला हेच म्हणतात.

आपण अननस खातो आणि पानं टाकून देतो. अकलानमध्ये मात्र पानांचीच किंमत मोठी. इथली जात वेगळी असते. फळ लहान, पण पानं लांबलचक. झाड दीड-दोन वर्षांचं झालं की पानं काढतात.

पान ते धागा

पान लाकडी फळीवर ठेवून फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या तुकड्याने खरवडतात. आधी जाड तंतू निघतात. ते दोऱ्या आणि जाडसर वस्तूंसाठी जातात. मग नारळाच्या करवंटीने हलक्या हाताने खरवडलं, की खालचा तलम तंतू मिळतो. तो केसासारखा बारीक असतो. धुऊन, वाऱ्यावर वाळवून झाल्यावर सगळ्यात किचकट काम सुरू होतं. तंतू पानाएवढाच लांब, म्हणून प्रत्येक टोकाला दुसरा तंतू गाठ मारून जोडावा लागतो. एका साडीएवढ्या कापडात अशा किती गाठी असतील, याचा विचार करून पाहा!

हे काम बहुतेक वयस्कर बायका करतात. स्वयंपाक आटोपला, नातवंडं झोपली, की त्या गाठी मारायला बसतात. नजर अधू झाली तरी बोटांना सवय असते.

घर हाच कारखाना

पिन्याचा धंदा आजही मुख्यतः कुटुंबांच्या हातात आहे. कालिबोतलं ‘डेला क्रूझ हाउस ऑफ पिन्या’ हे त्यातलं एक परिचित नाव. अशा उद्योगांत कामाची वाटणी साधी असते. कोणाकडे अननसाची बाग, कोणाकडे पानं खरवडण्याचं काम, कोणी घरी बसून गाठी मारतं, तर कोणी लाकडी हातमागावर बसतं. धागा इतका नाजूक, की धोटा जपून टाकावा लागतो. तुटला की थांबा, गाठ मारा आणि पुन्हा सुरू करा. साधं कापडही दिवसभरात मीटरभर होत नाही. फुलापानांची नक्षी विणायची असेल, तर वेग आणखी कमी.

आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे ही कला जाते. या प्रकारच्या ज्ञानाला शाळा नसते, ते बघून बघून शिकावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने अकलानच्या पिन्या विणकामाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

एका कापडात किती देश!

या कापडाचा इतिहास म्हणजे या प्रांताचाच इतिहास. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. स्पॅनिश लोकांनी तो इथे आणला. पानांचे तंतू काढून विणायचं कसब इथल्या लोकांकडे होतंच, कारण ते अबाका या केळीच्या जातीच्या झाडापासून कापड करत होते. रेशीम आलं चीनहून. आजही रेशमाचे आणि अननसाचे धागे एकत्र विणून ‘पिन्या-सेदा’ करतात. भरतकामावर युरोपची छाप पडली. आणि या सगळ्यातून शिवला गेला तो बारोंग, म्हणजे फिलिपिनो पुरुषांचा पारदर्शक, समारंभी सदरा.

भाषेतही हीच सरमिसळ आहे. साबणाला ‘साबोन’, सदऱ्याला ‘कामिसा’ असे स्पॅनिशमधून आलेले शब्द आपल्याही कानाला ओळखीचे वाटतात. जेवणात ‘इनुबारान’ मिळतं. केळीच्या खोडाचा कोवळा गाभा घालून नारळाच्या दुधात शिजवलेली कोंबडी. कोकणातल्या किंवा केरळातल्या माणसाला त्याचा वास परका वाटणार नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी कालिबोत आती-आतिहानचा कळस असतो. लोक अंगाला काजळी फासतात, ढोलांच्या ठेक्यावर नाचतात आणि बाल येशूच्या मूर्तीपुढे जयजयकार करतात. नावाचा अर्थ ‘आतींसारखं होणं’. आती हे या बेटाचे मूळ रहिवासी. बोर्निओहून आलेल्या सरदारांनी सोन्याची टोपी देऊन त्यांच्याकडून जमीन घेतली, अशी दंतकथा सांगतात. सण आनंदाचा, पण ज्यांचं नाव घेऊन नाचायचं, त्या आतींना बोराकायवर 2011 मध्ये अधिकृत मालकी मिळाली ती जेमतेम दोन हेक्टर जमिनीची. सरमिसळीत सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतंच असं नाही.

पुन्हा तोच प्रश्न

पिन्या एकदा जवळजवळ संपलं होतं. 1856 मध्ये याच पनाय बेटावरच्या इलोइलोत निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवकील आला. त्याने स्थानिक नक्षीची नक्कल केलेलं मँचेस्टरचं स्वस्त सुती कापड आणलं आणि शेजारच्या नेग्रोस बेटावरच्या साखरेचा व्यापार वाढवला. हातमाग एकेक करून थंडावले. भारतातल्या विणकरांची कहाणी आठवतेय ना? तीच ही. विसाव्या शतकात तर पिन्या विणणारे हात फारच थोडे उरले. 1980 च्या दशकापासून मात्र काही कुटुंबांनी आणि जाणकारांनी माग पुन्हा सुरू केले.

आता धोका वेगळा आहे. बोराकायच्या हॉटेलांत महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. गाठी मारण्याचे पैसे मात्र जेवढं काम तेवढेच. मुलीने आजीच्या शेजारी बसून ही कला शिकावी, असं वाटत असेल, तर तिच्या कामाला पोट भरेल इतका मोबदला हवा. सन्मानाने पोट भरत नाही.

म्हणून तुम्ही कधी अकलानला गेलात, तर एक दिवस कालिबोसाठी ठेवा. विणकरांकडेच जाऊन खरेदी करा. स्वस्त ‘पिन्या’ दिसलं तर सावध राहा, त्यात बहुधा पॉलिस्टर असतं. खरं कापड उजेडात धरा. कुठे कुठे बारीक गाठी दिसतील. त्या दोष नाहीत, कोणाच्या तरी आजीची सही आहे. आणि भाव सांगितला, की घासाघीस करू नका.