तारखेचा आजार

घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या अलीकडे माझा दवाखाना आहे, आणि कापूरबावडीच्या सिग्नलवर गजरे विकणारी फासेपारध्यांची काही कुटुंबे ही माझी जुनी रुग्णमंडळी. त्यांतल्या एका बाईंचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलचोरीच्या संशयावरून पकडला गेला आणि काही आठवडे निरीक्षणगृहात काढून जामिनावर सुटला, तेव्हा तिने त्याला थेट माझ्याकडे आणले. बोटांच्या बेचक्यांतली खरूज मलमाने आटोक्यात आली. परंतु नाव विचारताच स्टुलावरून उठून, हात पाठीशी बांधून, आधी बापाचे नाव, मग जात आणि शेवटी स्वतःचे नाव सांगण्याची जी सवय त्याला जडली होती, तिच्यावर माझ्यापाशी औषध नव्हते. रात्री अंथरूण ओले होते, हे आईने त्याला बाहेर पाठवून सांगितले.

फासेपारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या, १८७१ साली निघालेल्या आणि १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यात, चार वर्षांपासूनची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारने १८९७ च्या दुरुस्तीने घेतली होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात तर जामीन हाच नियम, आणि मुलाचे दप्तर पुढे नष्ट करण्याचीही तजवीज आहे; तजवीज उदारच म्हणायची, पण निकालापर्यंत ज्या तारखा पडतात त्यांत बुडालेली मजुरी कोणत्याही दप्तरात जमा होत नाही.

आईला क्षय होता आणि तिने औषध मध्येच सोडले होते. मी रागावलो, तर म्हणाली, "गोळी खाल्ली की भोवंड येते, दादा. तारखेला उभं राहायचं कसं? आन् मी पडले तर पोराच्या कागदावर अंगठा कोन देईल?"

मुलाला धरून नेल्यापासून, पोलिसांच्या धास्तीने, पालावरची इतर माणसेही सरकारी दवाखान्यात पत्ता सांगावयास कचरू लागली. तापाने फणफणलेली पोरे पालातच राहू लागली. अटकेचा हा आजार दुसरीकडे ओळखला जातो: अमेरिकेत कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांहून कितीतरी अधिक प्रमाणात कोठडीत जातात, आणि तेथील वैद्यकवर्तुळात हा आरोग्याचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. आमच्या केसपेपरावर मात्र 'खरूज' एवढीच नोंद होते.

थुंकीची तपासणी नव्याने करवून बाईंचे औषध पुन्हा सुरू केले. पुढच्या भेटीचा वार चिठ्ठीवर लिहून दिला, तो तिने मुलाकडून वाचून घेतला आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "त्या दिवशी तारीख हाय. दुसरा वार लिवा."