ओट्याची दिशा

पिथमपूरला बनलेली फोर्सची जुनी ट्रॅव्हलर आम्ही फिरत्या घरासाठी घेतली. प्रश्न उरला ओट्याचा. भोसरीच्या कारागिराने तो आतल्या भिंतीलगत सुचवला. पाणी-गॅस हाताशी, पावसातही सोय. मी होकार देणार, तोच आई म्हणाली, "जन्मभर भिंतीकडे तोंड करूनच रांधलं गं." मी निरुत्तर झाले. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी असते, तेव्हा दिंडीच्या ट्रकांशेजारी उघड्यावर पेटलेल्या चुली आठवल्या; भाकऱ्या थापणाऱ्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत असतात. अखेर पावसाची गैरसोय पत्करून ओटा मागच्या दाराशी, बाहेर तोंड करून बसवला. वर्गात वीस वर्षे स्त्रीवादी साहित्य शिकवते आहे. आईच्या ओट्याची दिशा मात्र मी कधी पाहिलीच नव्हती.