किलोभर डाळ

‘सार्वजनिक धोरण’ हे शब्द कानावर पडले की मला आधी जांभई येते. त्यांना ‘संशोधन’ हा शब्द जोडला की ती आवरत नाही. तरीसुद्धा आमच्या शहरातल्या एका संस्थेत प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपापले निबंध मांडतात, त्या बैठकांना मी अलीकडे नेमाने जातो. रेशन, शाळा, नळ, दवाखाना असा आपलाच संसार तिथे कोणीतरी मोजून दाखवीत असतो. प्रत्येकाला वीस मिनिटे, मग घंटी. प्राध्यापकांनाही तीच घंटी, ही त्यातली खरी मौज!

बहुतेक निबंध कोष्टकांच्या ओझ्याने वाकलेले असतात, हे कबूल. पण परवा एका विद्यार्थिनीने राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातील एका गाजलेल्या प्रयोगाची चर्चा केली आणि सभागृह जागे झाले. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डफ्लो (2019 सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी) यांनी सहकाऱ्यांसह आणि तिथल्या ‘सेवा मंदिर’ संस्थेच्या मदतीने तो केला. निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. एकूण 134 गावे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. काही गावांत नवे काहीच नाही. काही गावांत दरमहा ठरल्या दिवशी लसीकरणाचे शिबिर. आणखी काही गावांत शिबिर तर होतेच, शिवाय दर टोचणीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की जेवणाच्या थाळ्यांचा संच. एक ते तीन वर्षांच्या मुलांत पूर्ण लसीकरण झालेली मुले पहिल्या गटात शेकडा 6, दुसऱ्यात 18 आणि तिसऱ्यात 39 निघाली.

“म्हणजे पोटच्या पोरापेक्षा डाळ मोठी म्हणायची!” मागच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उद्गारले. हशा पिकला.

मुलगी हसली नाही. “काका, त्या आयांनी लस नाकारली नव्हती,” ती म्हणाली. “पहिली टोचणी दोन्ही प्रकारच्या शिबिरांत जवळजवळ सारख्याच मुलांना मिळाली. गळती पुढच्या टोचण्यांना होते. डाळीने ती थांबवली.”

मला ते चित्र दिसले. सरकारी उपकेंद्रापर्यंत पायपीट करायची आणि तिथे परिचारिका जागेवर नाही. त्या भागात हे जवळजवळ निम्म्या वेळा घडे. दिवसाची मजुरी बुडते, रात्री पोर तापाने फणफणते. आणि लाभ कोणता? तर पुढे कधीतरी न होणारा आजार! न झालेला आजार कोणाला दिसतो? डाळ मात्र त्याच संध्याकाळी चुलीवर शिजते. त्या गृहस्थांना मार्च महिन्याची आठवण करून द्यावी, असे माझ्या फार मनात आले. बायकामुलांवर आपले प्रेम काही कमी नसते. तरी वर्षानुवर्षे आपल्यातल्या कितीजणांनी विम्याचा हप्ता भरला तो प्राप्तिकराची सवलत मिळते म्हणूनच ना? तीही डाळच. फक्त तिला आपण ‘नियोजन’ म्हणतो.

पुढचा आकडा तर गृहिणींनीच तपासून पाहावा असा होता. फुकट डाळ वाटूनही खर्च घटला! पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे नुसत्या शिबिराला सुमारे 56 डॉलर पडले, डाळीच्या शिबिराला 28. शिबिरावरची परिचारिका दिवसभर बसायची ती बसतेच. चार मुले आली काय आणि चाळीस आली काय, तिचा पगार तोच.

एवढ्यावर टाळ्या पडल्या असत्या. पण पहिल्या रांगेतल्या वयस्क प्राध्यापिकाबाईंनी विचारले, “आणि उरलेली 61 मुले?”

मुलीने पडद्याकडे पाहिले. “त्यांच्याविषयी हे कोष्टक काही सांगत नाही, मॅडम.”

घंटी केव्हाच वाजली होती. अध्यक्षांनी चहा दहा मिनिटे पुढे ढकलला.