लोणारास केव्हां जावें?

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवर कोणत्या ऋतूंत पाहावें, याचा विचार न करितां आम्ही गतवर्षीं वैशाखांतच निघालों. मुलांस सुटी होती, एवढेंच निमित्त. त्या अविचाराचें फळ मातोश्रींस भोगावें लागलें. उल्कापातानें काळ्या पाषाणांत पडलेलें तें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर तव्यासारखें तापलें होतें. सरोवराच्या कांठाशीं जाण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा; पण अर्ध्या उतारावरच घेरी आली व माघारीं फिरावें लागलें.

उन्हाळ्याचा एक विशेष मात्र सांगितला पाहिजे. पाणी आटून क्षार वाढले म्हणजे लवणप्रिय सूक्ष्मजीव बळावतात. २०२० च्या जूनमध्यें सरोवर गुलाबी झालें, तें त्यांच्याच योगानें. परंतु असा योग दरवर्षीं येत नाहीं. पावसाळ्यांत उतारावर हिरवी झाडी दाटते. तथापि वाटा निसरड्या होतात. वृद्धांनीं व मुलांनीं त्या दिवसांत वरूनच पाहून समाधान मानावें.

मार्गशीर्षांत आम्ही पुनः गेलों. हवा थंड होती. दूरदेशींचे पक्षी पाण्यावर उतरले होते. वर गोमुखाची गोड धार, खालीं खारें पाणी! मातोश्री ठिकठिकाणीं विसावा घेत कांठापर्यंत पोंचल्या. सायंकाळीं गांवांतील दैत्यसूदनाच्या प्राचीन देवळांतील शिल्पेंही त्यांनीं स्वस्थपणें पाहिलीं.

तात्पर्य, घरांत वडील माणसें असतील तर कार्तिक ते माघ हाच काळ निवडावा. मुलांच्या सुटीइतकाच वडिलांच्या पायांचाही विचार व्हावयास हवा.