नळी, पीळ आणि सुरी

मुरूड आणि रोह्याच्या मधलं फणसाडचं जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६मध्ये ते अभयारण्य झालं. त्याआधी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच आमच्या किनाऱ्यावरची शिकार संपत गेली होती. राहिल्या त्या गोष्टी. ठासणीची बंदूक, रानात घातलेला हाका, आणि बार उडाला की सुरी उपसून धावत सुटणारा माणूस.

माझा भाचा मात्र केपटाऊनकडे असतो. कोकणी मुसलमानांची तिथली वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिथे परवान्याने हरणाची शिकार करता येते. कारूच्या उघड्या माळावर स्प्रिंगबॉक जवळ येऊ देत नाही, म्हणून त्याला .३०८ची लांब पल्ल्याची रायफल घ्यायची आहे. त्याने तीन गोष्टी विचारल्या: नळी २२ इंची की २६, पीळ दहाचा की बाराचा, आणि "मामू, चारशे मीटरवरून पाडलेलं हलाल होईल ना?"

नळीचं उत्तर सोपं आहे. नळी लांब असली की दारूचा वायू गोळीला जास्त वेळ ढकलतो. या जातीच्या काडतुसात एका इंचामागे वेग सेकंदाला साधारण २० ते २५ फूट वाढतो. चार इंचांचे झाले ८० ते १००. सेकंदाला २७०० फूट जाणाऱ्या गोळीला ही वाढ तीन-चार टक्क्यांची. त्यासाठी दिवसभर चार इंच लोखंड जास्त वाहायचं? तिकडे अनेक जण तोंडाला आवाज दाबणारं नळकांडंही लावतात, म्हणजे लांबी आणखी वाढणार. २२ पुरे.

पिळाचं तसं नाही. दहाचा पीळ म्हणजे दहा इंचांत गोळीची एक फेरी. २७०० फुटांच्या वेगाने ती सेकंदाला ३२४० फेऱ्या घेते. भोवऱ्याला जोर कमी पडला की तो डुलतो, तशी फिरकी अपुरी पडली तर गोळी आडवी होते. किती पीळ हवा हे वजनावर नाही, लांबीवर ठरतं. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं १८७९चं सूत्र अजून कामाला येतं: गोळीच्या जाडीचा वर्ग गुणिले १५०, भागिले तिची लांबी, सगळं इंचांत. सव्वा इंचाच्या आतल्या गोळीला बाराच्या आसपास उत्तर येतं, १.४ इंचीला दहाच्या. शिसं नसलेली तांब्याची गोळी त्याच वजनाला जास्त लांब भरते. म्हणून दहा.

आता तिसरा प्रश्न. अदी बिन हातिम यांनी पैगंबरांना फेकून मारायच्या काठीबद्दल विचारलं होतं. उत्तराचा आशय असा की टोकाने भोसकलं तर खा, आडवी लागून मेलं तर खाऊ नका. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आडव्या गोळीचा विचार करताना मला तीच आठवते.

गंमत म्हणजे 'बंदूक' हा शब्दच अरबी 'बुंदुक'वरून आला. जुन्या फकीहांच्या पुस्तकांत तो मातीच्या गोटीचा अर्थ घेऊन येतो. ती गोटी भाराने मारते, चिरत नाही, म्हणून तिने मेलेलं आम्हा शाफईंनाही चालत नाही, हनफींनाही नाही. आजच्या टोकदार गोळीला हाच हुकूम लावायचा का, यावर उलमांत मतभेद आहेत. मी सावध बाजूला आहे: बार टाकताना बिस्मिल्लाह, आणि जीव असताना सुरी.

पण माळरानावर चारशे मीटर चालायला पाच मिनिटं तरी लागतात. तोवर जनावर मेलेलं असतं, किंवा जखम घेऊन झुडपांत गेलेलं असतं. आमच्या रानात झाडी दाट, बार जवळून, म्हणून सुरीवाला वेळेत पोचायचा. भाच्याला मी दीडशे मीटर म्हणालो. तो दोनशेवर अडला आहे, आणि सध्या भांडण तिथेच आहे.

एवढं मात्र त्याने कबूल केलंय की आधी शंभर मीटरवर कागद लावून बघेल. भोक गोल पडलं तर गोळी टोकाने जातेय. लांबट पडलं तर ती गोळी त्या नळीची नव्हे, दुसरी, आखूड घ्यावी.